जोडे मागितले की द्यायचे

अण्णा, तुमचे जोडे मी देऊन टाकले. आज दुपारी, ऐन बाजारात, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना फळीवरून काढले आणि दिले. आता ऊन मशीनच्या चाकावरून उंबऱ्याकडं सरकून राह्यलंय आणि मी एक सदरा मांडीवर घेऊन बसलोय, काजं करायला. एक काज धड झालं नाही. दिवस बुडायच्या वेळेला बन्सीशेट येणार, हातात ताट, ताटात हार आणि रेशमी कापड, आणि म्हणणार, शिंपीभाऊ, काढा अण्णांचे जोडे. फळीवर तुमची जागा रिकामी. काय सांगू त्याला? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "जे हाय ते सांग." तुम्हाला काय जातंय सांगायला. तुम्ही परवा तेराव्याची पंगत उठवून मोकळे झालात.

जोडे गणपतला दिले. माझ्या भावाला. तो तोंड धुऊन, केसांना पाणी लावून आल्ता, एवढं मला दिसलं. बाकी मी बघितलं नाही. बघायचं नसतं, हा तुमचाच कायदा. तो नदीकडच्या रस्त्यानं गेला. शिंदीचा गुत्ता तिकडंच आहे आणि आमच्या आईचं घरही तिकडंच आहे. कुठं गेला ते मला माहीत नाही, आणि बसवत तर बिलकुल नाही.

परक्या माणसाला आपलं सगळं येड्याचा बाजार वाटंल. भोकरदनच्या बाजारात काही बाप्ये दर आठवड्याला अनवाणी हिंडतात. त्यात एक आडतवाला शेट, एक शिंपी, एक गाडीवान, आणि तहसिलीसमोर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहिणारे तुम्ही. सगळ्यांचे जोडे माझ्या दुकानातल्या फळीवर ओळीनं. आम्ही सगळे एका काळचे पिणारे. निजाम गेला, पोलीस अ‍ॅक्शन झाली, कचेरीतली उर्दू जाऊन मराठी आली, पण नदीपल्याडचा गुत्ता जागचा हलला नाही. बाजाराच्या दिवशी माणसाच्या हातात पैका येतो आणि पाय आपोआप तिकडं वळतात. दुसरीकडं लोक माळ घालतात, देवाची शपथ घेतात. तुम्ही आम्हा एका काळच्या पिणाऱ्यांची बैठक काढलीत आणि तिच्यात शपथेला बंदी केलीत. शपथ मोडली की माणूस लपतो, आणि लपलेल्या माणसाला शोधायला कुणी जात नाही, असं तुमचं म्हणणं.

मी पहिल्यांदा आलो तेव्हा हातातली कात्री थरथरून गिऱ्हाइकाचं कापड तिरकं कापलं जात होतं आणि बायको पोरांना घेऊन कुंभार पिंपळगावला माहेरी गेल्ती. तुम्ही मला पाणी दिलं. अर्धाच गिलास. मला वाटलं काय कंजूष माणूस आहे. मंग पुढं बघितलं तर नवा माणूस आला की तुम्ही त्याला अर्धाच गिलास देता आणि तो पिऊन होईपर्यंत दुसरीकडं बघत बसता. भरलेला दिला असता तर त्याच्या हातून सांडला असता आणि तो लाजेनं उठून गेला असता. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. कुणाला सांगितलंही नाही की असं करत जा.

त्या दिवशी तुम्ही मला बैठकीचा कायदा सांगितला.

"बाजाराच्या दिवशी सकाळी जोडे आणून ठिवायचे. दिवस बुडाला की न्यायचे."

"अन् मधीच प्यावं वाटलं तर?"

"तर यायचं, जोडे मागायचे, घालायचे अन् जायचं."

"अन् तुमी देताल?"

"मागितले की द्यायचे. इचारायचं न्हाई, आडवायचं न्हाई, मागं जायचं न्हाई."

मला हसू आलं. "अण्णा, शिंदी प्यायला जोडे कशाला लागतेत? आनवाणी बी जाता येतं की."

"येतं ना. तेवढं एकच करायचं न्हाई. आनवाणी जाऊन प्यायचं न्हाई. बाकी तू मोकळा."

एवढाच कायदा. दारू सोडली असं कुणी म्हणायचं नाही, सोडीन असंही म्हणायचं नाही. प्यायच्या आधी एका माणसासमोर उभं राहून जोडे मागायचे, एवढंच. मी मनात म्हणालो, हे तर पोरखेळ आहे, आपण आरामात पार पडू. पहिल्याच बाजारात माझी जिरली. उन्हानं फुफाटा तापलेला, पायाला चटके, आणि कांदेवाला ओरडून इचारतोय, "काय शिंपीदादा, जोडे गुत्त्यावर ठिवले का?" चारचौघं हसले. मी त्याचं तराजू उचलून त्याच्याच डोक्यात घालणार होतो. तुम्ही शेजारी वांगी निवडून राह्यला होतात. मान वर न करता म्हणालात, "ठिवलेत ना. माझे बी ठिवलेत. शेजारीशेजारीच हायेत." कांदेवाल्यानं तुमच्या पिशवीत दोन कांदे जास्तीचे टाकले.

घरी येता येता मी तुमच्यावरच उखडलो. "तुमाला लाज न्हाई वाटत का हो?"

"वाटते ना," तुम्ही म्हणालात. "लाज वाटायची थांबली तर मंग बैठकीला कामून यायचं?"

अण्णा, माझा स्वभाव तुम्हाला माहीत होता. माझ्या नाकावर राग, तुमच्या तोंडात मूग. मी कचकच करायचो आणि तुम्ही ऐकायचात, आणि ऐकून झालं की जे करायचं तेच करायचात. जोडे ठेवायची फळी माझ्याकडं दिलीत तेव्हाही तसंच. तोवर जोडे तुमच्या घरी असायचे, वैनींच्या जात्यामागं. मी बैठकीत सगळ्यांत नवा. बन्सीशेट जुना, इभ्रतीचा, त्याच्या आडतीला लोखंडी दार. त्याला वाटत होतं आपल्याकडं येणार. तुम्ही म्हणालात, येसूच्या दुकानात ठेवू.

"मला कामून?" मी म्हणालो. "मी आत्ता कुठं तोंड पुसून राह्यलो. जुन्या माणसाला द्या."

"जुन्या माणसाला वाटतं आपून सुटलो. तुला तसं अजून वाटत न्हाई. म्हनून तुझ्याकडं."

शेट चार बाजार माझ्याशी धड बोलला नाही. तुम्ही मात्र सगळ्यांच्या आधी आलात आणि तुमचे जोडे माझ्या फळीवर ठेवलेत. टाचेला नाल मारलेले, डावी टाच एका अंगाला झिजलेली, अंगठ्यापाशी ठिगळ. बैठक काढणारा माणूस, कित्येक वर्षं थेंबाला शिवलेला नव्हता, आणि तरी शेवटच्या बाजारापर्यंत सकाळी येऊन त्या फळीपुढं वाकायचा. मी एकदा म्हणालोही, तुम्हाला आता काय गरज? तुम्ही म्हणालात, "आज हाय का न्हाई ते मला सांजच्याला कळतं."

ऊन उंबऱ्यावर आलं. गणपतचा पत्ता नाही.

गणपतचं मी तुमच्याशी जे भांडलो ते अजून संपलेलं नाही, अण्णा. तुम्ही मेलात म्हणून मी ते पटवून घेणार नाही, आधीच सांगतो. त्याला बैठकीत मीच आणलं. कापसाच्या गाड्या जालन्याच्या जिनिंगला नेणारा, आईचा लाडका, हसरा, आणि प्याला की बैलांना सुद्धा ओळखू न येणारा. दोन महिने बराबर चालला होता. मंग त्या बाजारी मी कापड आणायला जालन्याला गेल्तो आणि माझ्या जागी दुकानात तुम्ही बसला होतात. गणपत आला, जोडे मागितले. तुम्ही दिले. तो गेला, प्याला, आणि परत येताना नदीच्या खडकावरून खाली कोसळला. मी मोटारीतून उतरलो तर आई नदीत बसलेली, त्याचं डोकं मांडीवर, आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला.

मी तसाच तुमच्या लिंबाखाली आलो. तुमच्यापुढं अर्ज लिहून घ्यायला माणसं बसली होती. मी कुणाची पर्वा केली नाही.

"तुमी दिलेच कसे?"

"मागितले त्यानं."

"उद्या इख मागितलं तर इख द्याल का?"

तुम्ही टाक खाली ठेवलात. "येसू, त्यो मागायला आल्ता. आनवाणी न्हाई गेला."

"मंग काय आरती ओवाळू त्याची? तुमी धरून ठिवायचा होता. दोन हात हायेत ना तुमाला? दार लावायचं होतं दुकानाचं."

"आज धरला असता. फुडच्या बाजारी त्यो मागायला आलाच नसता."

"पाय तर धड राह्यला असता."

तुमचा खालचा ओठ हलत होता. मला वाटलं आता म्हणाल, चुकलं. तुम्ही म्हणाला नाहीत, आणि माझं टाळकं आणखीच सरकलं. म्हणालो, तुमचा कायदा तुमच्यापाशी ठेवा, माझ्या भावापेक्षा तो मोठा नाही. मंग ज्वारी खळ्यात येईपर्यंत मी तुमच्याशी बोललो नाही. बैठकीला यायचो, पण तुमच्याकडं पाठ करून बसायचो. तुम्ही पाणी दिलं की शेजारच्याच्या हातून घ्यायचो. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी खराखुरा पेटलेलो होतो.

आणि तुम्ही त्या दिवसांत काय करत होतात? सकाळी आमच्या आईच्या दारात येऊन बसायचात. आई तुम्हाला बघून आत निघून जायची, दार ओढून घ्यायची. गणपत जाग्यावरून उठू शकत नव्हता. त्याची भरलेली धोतरं तुम्ही नदीवर नेऊन धुतलीत. तहसिलीसमोर बसणारा, गाव ज्याला अण्णासाहेब म्हणायचं तो माणूस, धोब्याच्या दगडाशेजारी. गावानं काय काय म्हटलं असंल. आईनं किती दिवस बघितलं कुणास ठाऊक. मंग एका सकाळी तिनं दार उघडून तुमच्यापुढं भाकरी आणि ठेचा ठेवला आणि एवढंच म्हणाली, "खा. तुमचं बी लेकरूच हाय त्ये." तुम्ही खाली मान घालून जेवलात. हे मला गणपतनं सांगितलं. पाय वाकडाच सांधला गेला, पण तो बैठकीत परत आला. लंगडत आला, आणि जोडे तुमच्याच हातात दिले.

मी म्हणतो, धरला असता तर पाय वाचला असता. तुम्ही म्हणायचात, धरला असता तर माणूस गेला असता. दोघांतलं कोण खरं? आता कुणाला इचारू?

दुकानावरून माणसं बाजार उरकून परत चाललीत. प्रत्येक लंगडणाऱ्या पावलाला मी मान वर करतोय. एक म्हातारी गेली, एक काठीवाला गेला.

आणि मंग तुमचा तो बाजार. तुमची धाकटी लेक अंतरवालीला दिलेली, बाळंतपणात गेली. तुम्ही तिची माती करून आलात आणि आलात ते ऐन बाजाराच्या दिवशी. सकाळी सवयीनं माझ्या फळीवर जोडे ठेवलेत. मी चहा सांगितला, तो तुम्ही घेतला नाहीत. दुपारी परत आलात. दारात उभे राह्यलात. डोळे कोरडे होते, तेच वाईट होतं.

"जोडे दे, येसू."

अण्णा, माझ्या हातात सुई होती ती बोटात गेली. सगळी बैठक त्या जोड्यांवर उभी होती. तुम्ही त्या रस्त्यानं गेलात तर शेट जाईल, गणपत जाईल, मी तर सगळ्यांच्या आधी जाईन. मला ओरडायचं होतं, अण्णा, नका. दार लावायचं होतं. दोन हात होते मला. पण मागणारे तुम्ही होतात आणि कायदा तुमचा होता. तुमचा कायदा तुमच्यावरच मोडला, तर मंग कुणावर चालवायचा होता? मी उठलो, फळीवरून जोडे काढले आणि तुमच्या पायांशी ठेवले. तुम्ही घातलेत आणि नदीकडं गेलात.

ती दुपार मी कशी काढली ते मी कुणाला सांगितलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला डावी बाही उजवीकडं लावली. शेट येऊन गेला, फळीकडं बघून गेला. गणपत दारातच बसून राह्यला. मागं जायचं नव्हतं म्हणून आम्ही दोघं भाऊ एकमेकांवर नजर ठेवून बसलो होतो, की कुणी उठायला नको.

दिवस बुडता बुडता तुम्ही आलात. अनवाणी, जोडे हातात. "ठेव," म्हणालात. मी जोडे घेण्याच्या निमित्तानं पुढं वाकलो आणि तुमच्या तोंडाचा वास घेतला. तुम्हाला कळलं. तुम्ही मागं सरला नाहीत, उलट तोंड आणखी जवळ आणलंत.

"हुंगलास? आता ठेव."

वास नव्हता. कुठं गेल्तात ते तुम्ही सांगितलं नाही. मीही इचारलं नाही. पण त्या हुंगण्याची सल माझ्या मनात राह्यली, आणि आता तर ती काढायला तुम्ही नाहीत.

मंग तुम्ही गेलात तेही बाजारीच. लिंबाच्या बुंध्याला टेकून बसलात, कुणाच्या तरी अर्जाची शाई वाळायची होती, आणि उठलाच नाहीत. आम्ही उचलून घरी आणलं तेव्हा तुमच्या पायांना बाजाराचा फुफाटा होता. कुणीतरी मला म्हणालं, जल्दी जा, जोडे आण, उघड्या पायांनी कसं न्यायचं. मी निघालोच होतो. वैनींनी रडता रडता हात वर केला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "त्यांनी मागितले न्हाईत."

तेव्हापासून तुमचे जोडे फळीवर होते. तेराव्याच्या पंगतीनंतर शेट उठला. त्याला वाईट म्हणू नका, अण्णा, तो ढसाढसा रडला तुमच्यासाठी. म्हणाला, "अण्णा देवमाणूस होते. त्यांच्या पादुका करू. चांदीचा पत्रा मढवू, मारुतीच्या देवळाशेजारी देवळी बांधू. बाजारी माणूस तिथं डोकं टेकंल अन् गुत्त्याकडं जानार न्हाई. न्हाई तर शिंपीभाऊ, बैठक मोडंल. आपल्याला कायतरी धरायला पायजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्या जागी मला वर गादीवर बसवायची भाषा सुरू झाली. तुम्ही ज्या चिंधीच्या बस्करावर दारापाशी बसायचात, ते बस्कर कुणी तरी उचलून माझ्या दुकानातल्या खुंटीला टांगलं होतं. मी म्हणालो, अण्णांना हे चाललं नसतं. शेट म्हणाला, "अण्णा आता कुठं हायेत इचारायला?" आजची सांज ठरली.

या सगळ्यात गणपत नव्हता. तुम्ही गेलात त्याच दिवशी तो गुत्त्यावर गेला होता. जोडे मागायला आला नाही. पहिल्यांदाच, अनवाणी गेला. आम्ही तुमच्या घरी असताना त्यानं फळीवरचे आपले जोडे न मागताच नेले, आणि पुढच्या दिवशी ऐकलं की ते सुद्धा गुत्त्यावर इकले. आईला मी दोन घास खायला घालायचो आणि ती इचारायची, गणपत कुठंय? तेरा दिवस मी तोंड फिरवत राह्यलो.

आणि आज दुपारी तो दारात. डोळे खोल गेलेले, केस ओले.

"दादा, जोडे पायजेत."

"तुझे न्हाईत हितं," मी म्हणालो.

"अण्णांचे दे."

गिऱ्हाईक बघून राह्यलं होतं. माझ्या तोंडात शंभर प्रश्न आले, अण्णा. कशाला पायजेत? इकायला? त्या नालाचे गुत्त्यावर एक-दोन घोट सहज मिळतील. संध्याकाळी शेटला काय सांगू? आणि पुन्हा खडकावरून पडला तर आईला काय सांगू? मी उठलो तो त्याची गचांडी धरायलाच उठलो. आणि मंग माझा हात फळीकडं गेला. का गेला ते मला आत्ताही सांगता येत नाही. मला तुमचा कायदा पटलेला नाही, हे मी वर सांगितलंय. पण तो मागायला आला होता.

त्यानं जोडे घातले. त्याला मोठे होत होते. गेला.

मघाशी वैनी आल्या. बाजारातून भाजी घेऊन पायरीवर टेकल्या आणि त्यांची नजर फळीवर गेली.

"कुनी मागितले?"

"गणपतनं."

त्या मेथीच्या जुडीची दोरी सोडत बसल्या. मंग म्हणाल्या, "भावजी, तुमाला ठाव न्हाई. लेक गेली त्या टायमाला ह्ये गुत्त्यापोतर गेल्ते. दारात बसले. मालकानं मडकं बी म्होरं ठिवलं. मला घरी येऊन सांगितलं त्यांनी. म्हनले, हात पुढं केला अन् येसू दिसला. त्यानं न इचारता दिले गं, म्हनले. वरडला असता, भांडला असता तर म्या प्यालो असतो त्याच्या नाकावर टिच्चून. न इचारता दिले, आता कुनाच्या नाकावर टिचू?"

मी म्हणालो, "मला कामून सांगितलं न्हाई त्यांनी?"

"तुमी हुंगलं ना," वैनी म्हणाल्या. "म्हनले, त्याची बी दुपार लई वाईट गेली असंल. हुंगू दे."

हे सगळं तुम्ही मला एका वाक्यात सांगू शकला असता, अण्णा. इतकी वर्षं एका गावात काढली आपण. मला राग आला आणि मी रडलो, दोन्ही एकदम, सदऱ्यातच तोंड खुपसून. वैनी उठल्या नाहीत. ताट येईपर्यंत बसते म्हणाल्या.

शेट आला, मागं बैठकीतली माणसं, ताटात हार, वर बुक्का. "काढा शिंपीभाऊ."

"दिले."

"दिले म्हंजी?"

"मागितले, दिले."

"कुनी मागितले?"

"गणपतनं."

शेटचा चेहरा काळा पडला. "त्या दारुड्याला? अण्णांचे जोडे? इकून खाल्ले असतेल त्यानं आत्तापोतर. शिंपीभाऊ, तुमाला अक्कल हाय का? आमी त्यांच्या पादुका करून राह्यलो अन् तुमी..." ताट त्याच्या हातात थरथरायला लागलं, बुक्का सांडायला लागला. वैनींनी पायरीवरचा तांब्या उचलला, गिलासात पाणी ओतलं, अर्ध्यावर थांबल्या आणि शेटपुढं धरला. शेटनं त्या गिलासाकडं बघितलं. कुणीतरी त्याच्या हातातलं ताट घेतलं. तो पाणी प्याला आणि खाली बसला. मंग सगळेच बसले, दुकानाच्या पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला. ऊन भिंतीवरून उतरून राह्यलं होतं. बैलगाड्या सुटल्या, पालं उतरली, कांदेवाला पोती आवरून गेला. मी मनात म्हणालो, अण्णा, तुमचा कायदा आज मोडला. तुमच्यासंगं गेला तो.

नदीकडून एक लंगडं माणूस येताना दिसलं ते आधी वैनींना. त्यांनी पदर सारखा केला. मंग मला दिसलं. गणपत अनवाणी होता. जोडे हातात होते, छातीशी धरलेले. एवढी माणसं बघून तो रस्त्यात थांबला. मला वाटलं आता मागं फिरेल. शेट उठायला लागला, मी त्याचा खांदा दाबला.

गणपत पायऱ्या चढून आत आला. माझ्यासमोर उभा राह्यला. जोडे पुढं केले.

"ठेव, दादा."

"दिवस बुडाला गणपत. आता घालून न्यायचे असतेत."

"फुडच्या बाजारी ठिवायचे ते आजच ठिवतो," तो म्हणाला. "माझ्यापाशी ठिवायला काईच न्हवतं. म्हनून मागितले."

शेटनं हाराकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी म्हणालो, "शेट, हे गणपतचे जोडे हायेत. त्यानं ठिवलेत, त्यानंच मागायचे. दुसऱ्या कुनाला देता येत न्हाईत." हार शेटनं वैनींच्या भाजीच्या टोपलीत ठेवला, आणि खुंटीवरचं बस्कर काढून दारापाशी टाकलं.

गणपत माझ्या अगदी समोर होता, अण्णा. वीतभर अंतरावर. तोंड माझ्याकडंच होतं, आणि तो वाट बघत होता, मला कळत होतं. जोडे घ्यायला मला वाकायचंच होतं. मी श्वास धरला, जोडे घेतले आणि तुमच्या जागेवर ठेवले. मी हुंगलं नाही.